नवरा-बायकोचं मृत्युपत्र: दोघांचं मिळून एक, की प्रत्येकाचं वेगळं?

बेळगावात सबरजिस्ट्रार कचेरीच्या आसपास, बाँड रायटरच्या टेबलाशी एखादं वयस्क जोडपं मृत्युपत्रासाठी बसलं की प्रश्न ठरलेला असतो: “दोघांचं मिळून एकच विल करून टाकूया की, दोन कशाला?” प्रश्न रास्त आहे. घर दोघांनी बांधलं, कर्ज दोघांनी फेडलं, मुलं दोघांची, मग कागद तेवढा वेगळा का? लिहिणावळ एकदाच द्यायची, साक्षीदारांना एकदाच बोलवायचं. शिवाय इतकी वर्षं संसार एकत्र केला, आता शेवटच्या कागदावर दोन चुली मांडायला मन धजत नाही. कायदाही आडवा येत नाही, एका कागदावर दोघांचं मृत्युपत्र आपल्याकडे चालतं.

तरी माझं मत स्पष्ट आहे. आपल्या भागातल्या बहुतेक जोडप्यांनी दोन स्वतंत्र मृत्युपत्रं करावीत. एकाच दिवशी करा, एकमेकांशी बोलून करा, हवं तर एकाच वकिलाकडून करा, पण दोन करा. कारण सांगण्याआधी मृत्युपत्र केलंच नाही तर काय होतं ते पाहू, कारण पुष्कळ घरांत त्याबद्दलच गैरसमज आहे.

कागदच नसला तर

वडगावातलं एक जोडपं धरू. अण्णा आणि वैनी म्हणू. घर आणि चार माग अण्णांच्या नावावर. दोन मुलगे, एक मुलगी गडहिंग्लजला दिलेली. अण्णांची आई अजून हयात. अण्णा मृत्युपत्र न करता गेले, तर गल्लीतले सगळे धरून चालतात की आता सगळं वैनींचं. १९५६चा हिंदू वारसा कायदा तसं म्हणत नाही. स्वकष्टाच्या मिळकतीत विधवा, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि मयताची आई या सगळ्यांना सारखा हिस्सा मिळतो. म्हणजे वैनींना पाचातला एक. ज्या घरात तीस वर्षं राबल्या त्या घराचा पाचवा भाग. मागांसाठी घर तारण ठेवून कर्ज काढायचं तर पाचही जणांच्या सह्या लागणार. उद्या आजी गेल्या की त्यांचा पाचवा हिस्सा त्यांच्या सगळ्या वारसांत जाणार, म्हणजे अण्णांचे भाऊ-बहीणही त्या घरात भागीदार. कुणी वाईट असायची गरज नाही, आकडेमोडच अशी आहे. हाच कायदा आपल्याकडच्या जैन, बौद्ध आणि लिंगायत घरांनाही लागू आहे.

वैनींच्या बाजूचं गणित आणखी वेगळं. त्या मृत्युपत्राविना गेल्या तर नवरा आणि मुलं सारखे वाटेकरी. पण नवरा आधी गेलेला आणि मूलबाळ नाही, अशा बाईने स्वतः कमावलेलं धन आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिच्या आई-वडिलांकडे नाही. यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २००९चा निकाल वाचून माणूस अस्वस्थ होतो. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी बाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, तिने नोकरी करून पैसा साठवला आणि मृत्युपत्र न करता ती गेली. पैसा मिळाला सासरच्या वारसांना. न्यायालयाने सहानुभूती बाजूला ठेवून कलम १५ जसं आहे तसं लावलं. आई-वडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी, मुलं नसतील तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. बायकांनी, विशेषतः हिंदू बायकांनी, मृत्युपत्र करून ठेवावं, असं आवाहन सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली केलं, ते याच कलमामुळे.

आणि तरीही वैनी म्हणतात, “माझ्या नावावर हाय तरी काय?” अंगावरचं सोनं त्यांचं. पतसंस्थेतली ठेव त्यांची. बँकेने कर्ज देताना दोघांची नावं घातली असतील तर प्लॉटचा हिस्सा त्यांचा. आणि खानापूर तालुक्यातल्या माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत त्या सहहिस्सेदार आहेत. २००५च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि वडील त्या वेळी हयात असोत वा नसोत, हा हक्क आहेच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं. जुन्या वाटण्या झालेल्या असतील तर वेगळी गोष्ट. पण “काय हाय तरी” म्हणणाऱ्या बाईच्या नावावर बरेचदा नवऱ्याइतकंच निघतं.

एक कागद, पण मृत्युपत्रं दोनच

संयुक्त मृत्युपत्राबद्दलचा मोठा गैरसमज असा की दोघांनी सही केली म्हणजे ते दोघांवर पक्कं झालं, आता कुणालाच बदलता येणार नाही. तसं नाही. कागद एक असला तरी कायद्याच्या नजरेत ती दोन माणसांची दोन मृत्युपत्रं आहेत. अण्णा गेले की त्यातला फक्त अण्णांच्या मिळकतीचा भाग अमलात येतो. वैनींचा भाग त्या जातील तेव्हा. तोवर त्यांना तो बदलता येतो, रद्द करता येतो, आणि दोघं हयात असतानाही कुणी एकाने आपल्यापुरता तो मागे घेतला तर चालतं. १९२५च्या भारतीय वारसा कायद्यात हे साफ लिहिलं आहे की मृत्युपत्र करणारा हयात आणि शुद्धीवर असेपर्यंत ते केव्हाही बदलू शकतो. नोंदणी झालेलं जुनं मृत्युपत्र नोंदणी न केलेल्या नव्यानेही रद्द होतं.

मग ‘पक्कं’ करायचं कसं? तिथे दुसरा प्रकार येतो, परस्पर मृत्युपत्र. नवरा बायकोला देतो, बायको नवऱ्याला देते आणि दोघं ठरवतात की मागे राहील त्याने यात बदल करायचा नाही. असा करार खरोखर झालेला असेल आणि मागे राहिलेल्याने त्याचा लाभ घेतला असेल, तर पुढे त्याला मृत्युपत्र फिरवता येत नाही. ही वाट कायद्याच्या कलमातून नाही, न्यायालयांच्या निकालांतून आली आहे. मद्रास उच्च न्यायालयाचा १९६०च्या दशकातला निकाल आजही यासाठी पुढे ठेवला जातो.

गोम ‘करार होता की नव्हता’ यात आहे. बाँड रायटर सवयीने लिहून टाकतो, “आम्ही उभयतांनी आपसात विचारविनिमय करून असे ठरविले आहे की…” अण्णा-वैनी सही करतात. वीस वर्षांनी थोरला म्हणतो, हा करार होता, आईला बदलायचा अधिकारच नव्हता. धाकटा म्हणतो, ही नुसती लिहायची पद्धत. दोघांचंही बरोबर असू शकतं. आणि निकाल द्यायला बसलेल्या न्यायाधीशांसमोर ज्या दोघांना खरं माहीत होतं ते दोघंही नसतात.

या वादाचं देशातलं गाजलेलं उदाहरण कोलकात्याच्या बिर्ला घराण्यातलं. माधवप्रसाद बिर्ला आणि प्रियंवदा बिर्ला यांनी १९८२ साली परस्पर मृत्युपत्रं केली. माधवप्रसाद १९९० साली गेले. १९९९ साली प्रियंवदांनी नवं मृत्युपत्र करून सगळं आपले चार्टर्ड अकाउंटंट राजेंद्रसिंह लोढा यांच्या नावे लिहिलं. २००४ साली त्या गेल्यावर हा कागद बाहेर आला, आणि १९८२चा शब्द त्यांना बांधील होता की नव्हता, यावर दोन दशकं कोर्टकचेऱ्या चालल्या. लोढाही दरम्यान वारले, दावा पुढच्या पिढीकडे गेला. आपल्याकडे चार माग आणि एक घर आहे, हजारो कोटी नाहीत, हे खरं. पण वकिलाची फी आणि तारखा आपल्यालाही लागतात, आणि तारखांच्या खर्चात घरच विकायची पाळी आपल्यावर लवकर येते.

म्हणून स्वतंत्र मृत्युपत्रं केली तरी एक ओळ दोन्हींत घाला: आम्हा दोघांत मृत्युपत्र न बदलण्याचा कसलाही करार नाही, माझं मृत्युपत्र मला केव्हाही बदलता येईल. कारण परस्परपणा कागदांच्या संख्येवर ठरत नाही. दोन कागदांवरूनही कुणीतरी ‘करार होता’ म्हणू शकतो. ती एक ओळ ते तोंड बंद करते.

मागे राहणाऱ्याचं काय

आता माझ्या मतामागचं खरं कारण. दोघं एका दिवशी जात नाहीत. एक जण जातो आणि दुसरा पुढे दहा, पंधरा, पंचवीस वर्षं असतो. आपल्याकडे बहुतेक ती वैनी असते. वयाने लहान आणि बऱ्याचदा हाती पैसा कमी. संयुक्त मृत्युपत्र या मधल्या वर्षांत तिच्या अंगावर येतं.

कसं ते पाहा. अण्णांचं बारावं झालं, पाहुणे गेले. कपाटातला कागद निघाला. कागद एकच, त्यामुळे अण्णांची इच्छा वाचताना वैनींचीही वाचली जाते. त्यात लिहिलंय, दोघांच्या पश्चात घर धाकट्याला, माग थोरल्याला, सोनं मुलीला. वैनींचं वय चौसष्ट. त्या थोरल्याजवळ राहतात. थोरल्याने ओळ दोनदा वाचली, कागद घडी करून ठेवला, काही बोलला नाही. पण घराला रंग काढायचा विषय निघाला की तो म्हणतो, “घर कुणाचं हाय त्याला विचारा.” धाकट्याची बायको सोफ्याचं माप घेऊन जाते. वैनी अजून बसल्यात त्याच सोफ्यावर.

वैनींचं स्वतंत्र मृत्युपत्र असतं तर हे कुणाला कळलंच नसतं. नोंदणी कायद्यातही याची काळजी आहे. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याच्या नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल त्याला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीलाच मिळते, निधनानंतर कुणीही अर्ज करू शकतो. संयुक्त कागदात हे संरक्षण पहिल्या मृत्यूबरोबरच संपतं. वैनींचे पत्ते उघडे पडतात आणि त्यांना त्या घरात अजून वीस वर्षं काढायची असतात.

पोरं सोन्यासारखी असतील, मान्य. पण सोन्यासारख्या पोरांनाही असा कागद वाचायला लावू नये.

आणि वीस वर्षांत माणसं बदलतात. ज्या मुलीला ‘तिचं लग्नात सगळं दिलंय’ म्हणून वगळलं, तीच विधवा होऊन परत आईजवळ येते. थोरला पुण्याला फ्लॅट घेऊन तिकडेच राहतो, त्याला मागांचं काही पडलेलं नसतं. माग विकले जातात. अशा वेळी वैनींना आपल्या हिश्श्याचा कागद शांतपणे, कुणाला न विचारता बदलता आला पाहिजे. संयुक्त कागदावर त्यांना कायद्याने तो हक्क असतोच, पण बदलला की मुलांना लगेच दिसतं की आईने बाबांच्या इच्छेवर पाणी फिरवलं. स्वतंत्र कागदात बाबांची इच्छा बाबांच्या कागदावर, आईची आईच्या.

साक्षीदारांचा मुद्दा यात सहसा कुणी धरत नाही. मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात. त्यांनी सही किंवा अंगठा होताना पाहिलेला असावा, नाहीतर करणाऱ्याने ‘ही माझी सही’ असं त्यांच्यासमोर कबूल केलेलं असावं, आणि त्यांनीही त्याच्यासमोर सही करायची. वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात येऊन हे सांगावं लागतं. संयुक्त मृत्युपत्रात दोघांचीही सही पाहिलेली असायला हवी. अण्णा आज सही करून बाजाराला गेले, वैनींनी संध्याकाळी केली आणि एक साक्षीदार तोवर घरी गेलेला असेल, तर वैनींचा भाग लंगडा. शिवाय दुसरा मृत्यू पंचवीस वर्षांनी होणार. आज साठीतले शेजारी साक्षीदार म्हणून घेतले, तर तेव्हा त्यांच्यापैकी कोण असेल? स्वतंत्र मृत्युपत्र असलं की वैनी मधे केव्हाही नव्या, तरुण साक्षीदारांसमोर नवं करू शकतात.

संयुक्त मृत्युपत्र कधी चालेल? मूलबाळ नसलेलं, खूप वयस्क जोडपं, सगळी मिळकत दोघांच्या नावे, आणि दोघांच्या पश्चात सगळं एकाच देवस्थानाला किंवा एकाच पुतण्याला द्यायचं पक्कं. तिथे लपवायला काही नाही, बदलायला फारसं काही नाही. तरीही मी दोनच करा म्हणेन, पण हट्ट धरणार नाही.

उलट टोकाचा प्रश्न दुसऱ्या लग्नाच्या घरात येतो. पहिल्या बायकोची मुलं आहेत, दुसरी हयात आहे, आणि नवऱ्याला भीती की आपल्या मागे ती सगळं आपल्या माहेरच्यांना देईल. इथे संयुक्त मृत्युपत्राचं कुलूप लावायचा मोह होतो. ते कुलूप कच्चं आहे हे वर पाहिलंच. त्यापेक्षा नवऱ्याने आपल्या स्वतंत्र मृत्युपत्रात मालकी मुलांना द्यावी आणि बायकोला हयातभर त्या घरात राहण्याचा व भाडं घेण्याचा हक्क द्यावा. मात्र हे वाक्य वकिलाकडूनच लिहून घ्या. हिंदू वारसा कायद्याचं कलम १४ बाईला मिळालेल्या मिळकतीची पूर्ण मालकी देऊ पाहतं, फक्त मृत्युपत्राने नव्याने दिलेला मर्यादित हक्क मर्यादितच ठेवतं. पण तो हक्क तिच्या पोटगीच्या आधीपासूनच्या हक्कापोटी दिला असं दिसलं तर तो वाढून पूर्ण मालकी होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७च्या तुळसम्मा निकालात म्हटलं. ‘उदरनिर्वाहासाठी देत आहे’ असा एक शब्द सहज लिहिला जातो आणि सगळा बेत उलटतो.

दोन कागद एकमेकांत बसवताना

दोन मृत्युपत्रं करायची म्हणजे दोघांनी दोन दिशांना लिहायचं असं नव्हे. पहिली गोष्ट, प्रत्येकाने फक्त आपलं लिहा. घर दोघांच्या नावे असेल तर अण्णांनी ‘माझा अविभक्त अर्धा हिस्सा’ म्हणावं, ‘माझं घर’ म्हणू नये. सह्या दोघांच्या असल्याने संयुक्त कागदात नेमकी हीच गल्लत होते, कुणाचं काय हे लिहिलंच जात नाही. एकत्र कुटुंबाच्या जमिनीतही अण्णा फक्त आपला हिस्सा देऊ शकतात, मुलांचा आणि मुलीचा नाही. कुळाच्या जमिनीबद्दल तर आधी चौकशी करा. घराबाहेरच्या माणसाला कुळहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली जमखंडीच्याच एका प्रकरणात सांगितलेलं आहे.

दुसरी गोष्ट, ‘नसल्यास’ हा शब्द. अण्णांनी लिहायचं: माझं सगळं पत्नीला, ती माझ्याआधी गेलेली असल्यास घर अमक्याला, माग तमक्याला. वैनींनी तसंच उलट. हे नसेल आणि वैनी आधी गेल्या असतील, तर त्यांच्या नावचं दान लटकतं आणि पुन्हा कायद्याच्या सारख्या हिस्स्यांच्या गणितावर गाडी येते.

दोघं एकदमच गेले तर? महामार्गावरच्या अपघातांच्या बातम्या वाचणाऱ्याला हा प्रश्न अशुभ वाटू नये. कोण आधी गेलं ते कळतच नसेल तेव्हा वयाने लहान असलेला मागून गेला असं धरायचं, असा नियम हिंदू वारसा कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. म्हणजे कागदोपत्री अण्णांची मिळकत क्षणभर वैनींकडे येते आणि मग वैनींच्या मृत्युपत्राप्रमाणे जाते. वैनींचं मृत्युपत्रच नसेल तर कलम १५. मुलं असतील तर फार बिघडत नाही. नसतील तर बिघडतं. ‘माझ्यानंतर तीस दिवसांत पत्नीही गेली तर ती आधी गेली असं धरावं’ अशी एक ओळ घालून हा पेच सोडवता येतो.

शेवटी एक वाक्य राहिलेल्या मिळकतीसाठी: वर न लिहिलेली आणि पुढे मिळणारी माझी सर्व मिळकत अमक्याला. कारखान्याचा शेअर, एलआयसी, सोसायटीतली विसरलेली ठेव यात येते. नॉमिनी लावलाय म्हणून हे सोडू नका. नॉमिनी पैसे घेणारा असतो, मालक वारस किंवा मृत्युपत्रात लिहिलेला माणूस. विम्याबद्दल हे १९८३ साली आणि शेअरबद्दल २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. विम्यात मात्र २०१५च्या दुरुस्तीने, आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच धरण्याची तरतूद आली. शक्यतो नॉमिनी आणि मृत्युपत्रातला माणूस एकच ठेवा म्हणजे भांडणच नको.

मुसलमान घरांसाठी हिशेब वेगळा आहे. देणी फेडून उरलेल्या मिळकतीपैकी साधारण एक तृतीयांशच मृत्युपत्राने देता येते, त्यापुढे जायला इतर वारसांची संमती लागते. ख्रिस्ती माणसाने लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेलं दान बाद होतं. हिंदूंना हे दोन्ही नियम लागू नाहीत, पण लाभ घेणारा मुलगाच साक्षीदार म्हणून सही करतो तेव्हा कोर्ट भुवई उंचावतं, तेव्हा शेजारी बरा.

बेळगावात प्रत्यक्ष करताना

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. साध्या कागदावर, हाताने, कुठल्याही भाषेत लिहिलेलं चालतं. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी, कारण सबरजिस्ट्रारसमोर फोटो-अंगठा झालेला कागद नंतर खोटा म्हणणं अवघड जातं. चालता न येणाऱ्या माणसासाठी सबरजिस्ट्रार घरी येऊनही नोंदणी करू शकतो. दोघांच्या दोन नोंदण्या एकाच फेरीत होतात, म्हणजे ‘दोनदा हेलपाटे’ ही तक्रार टिकत नाही.

भाषेचा विषय मात्र आपल्याकडे नाजूक आहे आणि तो मृत्युपत्रात फार महाग पडू शकतो. मजकूर बहुतेक वेळा कन्नडमध्ये टाइप होतो, आणि येळ्ळूरच्या आजीला कन्नड वाचता येत नाही. ती दाखवलेल्या जागी सही करते. उद्या नाराज मुलगा कोर्टात म्हणणार, आईला काय लिहिलंय ते कळलंच नव्हतं. शंकास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याचं ओझं मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असतं, हे १९५८ सालच्या वेंकटाचल अय्यंगार निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून टाकलंय, आणि ते प्रकरणही म्हैसूरचंच. म्हणून शक्य असेल तर मृत्युपत्र मराठीतच करा. नोंदणी अधिकाऱ्याला भाषा कळत नसेल तर सोबत भाषांतर जोडायची सोय नोंदणी कायद्यात आहे. कन्नडमध्येच करायचं झालं, तर शेवटी हे वाक्य आग्रहाने घाला: वरील मजकूर मला मराठीत वाचून व समजावून सांगितला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. कुणी वाचून दाखवला त्याचं नाव, सही. साक्षीदारांपैकी एक जण तरी दोन्ही भाषा जाणणारा घ्या. आणि आजीचं स्वतंत्र मृत्युपत्र असेल तर हे तिच्यापुरतं नीट होतं. संयुक्त कागद आजोबांना वाचून दाखवला की आजीलाही कळला असं धरलं जातं.

नावांकडे लक्ष द्या. उताऱ्यावर कन्नडमध्ये एक नाव, आधारवर दुसरं, माहेरच्या जमिनीत वैनी अजून माहेरच्या आडनावाने. मृत्युपत्रात ‘उर्फ’ लावून सगळी नावं लिहा. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर ताज्या उताऱ्यावरून घ्या, आजोबांच्या काळच्या मुंबई राज्याच्या कागदावरून नको. शहरातलं घर असेल तर सीटीएस, म्हणजे नगर भूमापन नंबर.

बऱ्याच घरांची जमीन सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, घर बेळगावात आणि शेत चंदगड तालुक्यात. त्यासाठी प्रत्येकी दोन मृत्युपत्रं लागत नाहीत. कायदा केंद्राचा आहे, बेळगावात नोंदलेलं एक मृत्युपत्र दोन्ही राज्यांत चालतं. फक्त निधनानंतर नोंदी दोन ठिकाणी घालाव्या लागतात, इकडे नाडकचेरीत (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीत) वारसा नोंद आणि तिकडे तलाठ्याकडे फेरफार. दोन्हीकडे मृत्युदाखला आणि मृत्युपत्राची प्रमाणित नक्कल द्यायची. कुणी वारसाने हरकत घेतली तर तहसीलदार बहुधा दिवाणी कोर्टात जा म्हणून सांगतात. मृत्युपत्र बेळगावात केलेलं आणि मिळकत या भागातली असेल तर हिंदूंना प्रोबेटची, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र खरं ठरवून घेण्याची, सक्ती नाही.

मूळ कागद ठेवायचा कुठे? बँकेचा लॉकर दोघांच्या नावे नसेल आणि त्याला नॉमिनीही लावलेला नसेल तर तो उघडायलाच मुलांना वारस असल्याचे कागद दाखवावे लागतात. जिल्हा निबंधकाकडे सीलबंद पाकिटात मृत्युपत्र ठेवण्याची सोय नोंदणी कायद्यात आहे, ती फारशी कुणी वापरत नाही. घरातच ठेवणार असाल तर अण्णांचा कागद वैनींना आणि वैनींचा अण्णांना कुठे आहे तेवढं माहीत असू द्या, आणि दोन पाकिटं वेगळी ठेवा, म्हणजे एक उघडताना दुसरं हाताला लागणार नाही.